यँकीज की मेट्स? २०२६च्या सीझनआधी संघ निवडणाऱ्यांसाठी

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माझा भाचा नोकरीसाठी एडिसनला आला. सामान अजून खोक्यांतच होतं, तेव्हा एका शनिवारी रात्री तो आमच्याकडे जेवायला आला आणि वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना बघत बसला. लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरंटो ब्लू जेजना अकराव्या इनिंगमध्ये हरवलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पोरगा क्रिकेटवर वाढलेला, बेसबॉलचे नियम निम्मेच कळत होते, पण त्या रात्री तो जागचा हलला नाही. टीव्ही बंद केल्यावर त्याने विचारलं, "मामा, पुढच्या सीझनला मी कुणाचा? यँकीजचा की मेट्सचा?"

मी आणि माझा मेहुणा एकदमच बोललो, आणि न्यूयॉर्कच्या या दोन संघांपैकी दोघांच्या तोंडून दोन वेगळी नावं आली.

त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी चहावर हा वाद होतो. भाचा ऐकतो, प्रश्न विचारतो, अजून ठरवत नाही. सीझन २५ मार्चला सुरू होतोय. न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कच्या आसपास त्याच्यासारखे बरेच आपले लोक आहेत, ज्यांना खेळ आवडू लागलाय पण संघ ठरलेला नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी २००६पासून मेट्सचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या वर्षी नॅशनल लीगच्या (दोन लीगपैकी मेट्स जिच्यात खेळतात ती) अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना आमचा कार्लोस बेल्ट्रान तिसऱ्या स्ट्राइककडे नुसता बघत उभा राहिला आणि बाद झाला. मी नुकताच बेसबॉल बघायला लागलो होतो. तो चेंडू माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तरीही खाली जे लिहिलंय ते दोन्ही संघांना सारख्याच मापाने मोजून लिहिलंय.

एकच दुखणं, दोन औषधं

२०२५ दोन्ही संघांना दुखावून गेलं. यँकीज ९४ सामने जिंकले, ६८ हरले. त्यांनी ८४९ धावा केल्या आणि २७४ होमरन मारले. तिसांपैकी कोणत्याच संघाला या दोन्हींत त्यांना गाठता आलं नाही. ॲरन जजने ०.३३१च्या सरासरीने ५३ होमरन मारले आणि तिसऱ्यांदा त्यांच्या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढं सगळं करून टोरंटोचेही ९४च विजय झाले. आपसातल्या सामन्यांत टोरंटो ८-५ असा सरस होता, म्हणून गटाचं विजेतेपद त्यांच्याकडे गेलं. पुढे प्लेऑफमध्ये यँकीजनी बोस्टनला घरी पाठवलं आणि मग त्याच टोरंटोकडून ३-१ असे हरले.

मेट्सची गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. १२ जूनला ते ४५-२४ होते, अख्ख्या बेसबॉलमध्ये सर्वांत पुढे. तिथून शेवटपर्यंत ३८ जिंकले आणि ५५ हरले. शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, मायामीत एक सामना जिंकला असता तरी पुरलं असतं, कारण त्याच दिवशी सिनसिनाटी हरलं होतं. पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरले आणि पीट अलोन्सोने असा काही चेंडू मारला की आम्ही घरात उठून उभेच राहिलो. तो सरळ लेफ्ट फील्डरच्या हातात गेला. सामना ०-४ असा गेला, मेट्स आणि सिनसिनाटी दोघेही ८३-७९वर थांबले, आणि आपसातल्या हिशेबात सिनसिनाटी आत गेलं.

म्हणजे दोघांकडे पैसा आहे, दोघांकडे मोठे खेळाडू आहेत आणि दोघांना सीझनच्या शेवटाने रडवलंय. थंडीत दोघांनी अगदी उलट औषध घेतलं. यँकीजनी जवळजवळ तोच संघ ठेवला. मेट्सनी घर रिकामं करून पुन्हा मांडलं. चाहत्यांचा सगळा वाद याच ठिकाणी आहे, आणि निवडणाऱ्यानेही इथेच नीट बघायला हवं.

यँकीज: माणसं तीच

कोडी बेलिंजरला पाच वर्षांसाठी १६ कोटी २५ लाख डॉलर देऊन परत घेतलं. ट्रेंट ग्रिशम, ज्याने गेल्या वर्षी ३४ होमरन मारले, तो एका वर्षासाठी राहिला. मायामीकडून रायन वेदर्स हा डावखुरा पिचर आणला. मोठ्या हालचाली म्हणाल तर एवढ्याच. यँकीजचे चाहते यावर भडकले, आणि माझा मेहुणासुद्धा डिसेंबरात चिडला होता. मागचे पाढे पंचावन्न, असं त्याचंच म्हणणं होतं. आता मार्च उजाडताना तो शांत झालाय, आणि त्याचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो. तो म्हणतो, "भावोजी, ९४ जिंकणारा संघ मोडायचा कशाला? आणि गेल्या वर्षी कोल होताच कुठे?"

गेरिट कोल २०२३चा साय यंग विजेता, म्हणजे त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर. मार्च २०२५मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला स्नायुबंध बदलण्याची) झाली आणि पूर्ण वर्ष वाया गेलं. आता तो परततोय, पण पहिल्या दिवशी नाही, उन्हाळा सुरू होता होता. गेल्या वर्षी १८ सामने जिंकून देणाऱ्या कार्लोस रोडोनच्याही कोपराचं काम ऑक्टोबरमध्ये झालं, त्यामुळे तोही सुरुवातीला नसेल. म्हणजे एप्रिल-मेमध्ये मॅक्स फ्रीडवर सगळा भार. तो गेल्या वर्षी १९-५ होता, म्हणजे त्याच्या नावावर १९ विजय आणि ५ पराभव, आणि ईआरए २.८६, म्हणजे नऊ इनिंगमागे तीनपेक्षा कमी धावा. त्याच्या जोडीला कॅम श्लिटलर. या पोराचं नाव लक्षात ठेवा. बोस्टनविरुद्ध जिंकू किंवा मरू अशा सामन्यात, पदार्पणाच्याच वर्षी, त्याने आठ इनिंगमध्ये १२ जणांना स्ट्राइकआउट केलं, एकालाही फुकट बेस दिला नाही आणि एकही धाव दिली नाही. तो स्वतः बोस्टनजवळ वाढलेला. त्या रात्री मेहुण्याने मला फोन केला आणि काहीच न बोलता नुसता हसत राहिला.

म्हणून यँकीजकडे बघताना एक गोष्ट गाठीशी बांधा: मे महिन्यातल्या गुणतक्त्यावरून त्यांना जोखू नका. ते गटात तिसरे असले तरी घाबरायचं कारण नाही. उलट कोल आणि रोडोन परतल्यावरही गाडी रुळावर आली नाही, तर मात्र चिंता खरी.

माझी शंका वेगळी आहे, आणि तिच्यासाठी ३० ऑक्टोबर २०२४च्या रात्रीकडे जावं लागतं. वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, यँकी स्टेडियम. यँकीज ५-० पुढे. पिच करायला कोल, आणि चार इनिंगमध्ये त्याने डॉजर्सना एकही हिट दिलेला नव्हता. पाचव्या इनिंगमध्ये पहिला हिट गेला. मग टॉमी एडमनचा साधा झेल सेंटर फील्डमध्ये जजच्या हातातून निसटला. पाठोपाठ शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, अँथनी व्होल्पीने तिसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू मातीत आपटला. बेस भरले. कोलने तरीही दोघांना स्ट्राइकआउट केलं, त्यातला एक ओहतानी, डॉजर्सचा बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा मोठा खेळाडू. आता एक बाद हवा होता. मुकी बेट्सने चेंडू जमिनीलगत पहिल्या बेसच्या दिशेने घरंगळवला. पहिल्या बेसवरच्या रिझोने तो अडवला आणि मान वर केली, तर बेसवर कुणीच नाही. अशा वेळी पिचरने धावत जाऊन पहिला बेस झाकायचा असतो. शाळकरी पोरांनाही हे घोटून शिकवतात. कोल दोन पावलं गेला, थांबला आणि रिझोकडे बोट दाखवत राहिला. बेट्स पोचला, धाव आली, आणि इनिंग संपेपर्यंत ५-५. सामना ७-६ असा गेला, सिरीजही गेली.

मेहुणा म्हणतो, एका इनिंगवरून संघ ठरत नाही. बरोबर आहे. पण झेल, फेक आणि बेस झाकणं ही त्यांची जुनी दुखरी जागा आहे. २०२५मध्ये व्होल्पीच्या नावावर १९ चुका लागल्या. सीझन संपल्यावर त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कळलं की पोरगा फाटलेल्या खांद्याने खेळत होता. ते कळल्यापासून मी त्याला बोल लावणं सोडलं. तोही आता सुरुवातीचे आठवडे बाहेर आहे आणि त्याच्या जागी होजे कबायेरो खेळेल, ज्याने गेल्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांत जास्त, ४९ बेस चोरले. ही बदली कदाचित यँकीजच्या पथ्यावरच पडेल. संघाला थोडी चपळाई हवीच होती.

आणखी एक. जज २६ एप्रिलला ३४ वर्षांचा होईल. त्याचा करार २०३१पर्यंत आहे, पण असा जज आणखी किती वर्षं बघायला मिळेल हे कोण सांगणार? कुणी मला विचारलं की फक्त एका खेळाडूसाठी संघ निवडायचा तर कुठला, तर मी मेट्सचा असूनही यँकीज सांगेन. ज्यांनी सचिनला वानखेडेवर बघण्यासाठी रांगा लावल्या त्यांना हे समजावून सांगायला नको.

मेट्स: घर रिकामं करून मांडलेलं

आधी गेलेल्यांची यादी. पीट अलोन्सो, २६४ होमरन मारून मेट्सच्या इतिहासात पहिला, बाल्टिमोरला गेला. एडविन डियाझ, जो शेवटच्या इनिंगला ट्रंपेटच्या गजरात मैदानात यायचा, डॉजर्सकडे गेला. ब्रँडन निमो, सर्वांत जुना मेट, टेक्ससला पाठवला. जेफ मॅकनीलही गेला. आमच्या घरी अलोन्सोच्या नावाचा शर्ट आहे, माझ्या मुलीचा. ती डिसेंबरात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच त्याला जाऊ दिलं.

आलेले: टेक्ससहून मार्कस सिमियन, दुसऱ्या बेसवर गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचं बक्षीस, मिळवलेला. शिकागोहून लुईस रॉबर्ट ज्युनियर, सेंटर फील्डसाठी. सिॲटलहून होर्हे पोलांको. मिलवॉकीहून फ्रेडी पेराल्टा, गेल्या वर्षी १७-६ आणि ईआरए २.७०. बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरांत, डेव्हिन विल्यम्स आणि ल्यूक वीव्हर, दोघेही गेल्या वर्षी यँकीजकडे होते. आणि बो बिशेट, तीन वर्षांना १२ कोटी ६० लाख. वर्ल्ड सिरीजच्या त्या सातव्या सामन्यात तिसऱ्या इनिंगमध्ये टोरंटोकडून ओहतानीला तीन धावांचा होमरन मारणारा तो हाच. भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरून उडी मारली ती त्या फटक्याला, म्हणून बिशेट मेट्सकडे आल्याची बातमी आली तेव्हा मला वाटलं, आता हा आपलाच झाला. पण तो हुशार आहे. त्याने लगेच विचारलं, "मामा, बिशेट तर शॉर्टस्टॉप ना? मग लिंडोर कुठे जाणार?"

मेट्सचा शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोर कुठेच जात नाही. बिशेट तिसऱ्या बेसवर खेळणार, जिथे तो मोठ्या लीगमध्ये कधी खेळलेला नाही. पोलांको पहिल्या बेसवर खेळणार, जिथे त्याचाही अनुभव नावापुरताच. मालक स्टीव्ह कोहेनच्या पैशांवर संघ बांधणाऱ्या डेव्हिड स्टर्न्सने सगळी थंडीभर एकच घोषा लावला: धावा रोखायच्या. चार इनफिल्डरपैकी दोघे अनोळखी जागी उभे करून धावा कशा रोखणार, हा चाहत्यांचा प्रश्न रास्त आहे. माझा भरवसा दोन गोष्टींवर आहे. सिमियन आणि लिंडोर मधोमध असतील, म्हणजे बहुतेक चेंडू जिथे जातात तिथे दोन पक्के हात. आणि पहिला बेस शिकता येतो. चपळ माणूस महिन्याभरात तिथे रुळतो. तिसऱ्या बेसबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. तिथे चेंडू गोळीसारखा येतो आणि फेक लांबची असते. बिशेटचा हात त्या फेकीला पुरतो का, ते मे उजाडेपर्यंत कळेल.

रॉबर्ट धड राहिला तर रत्न आहे. पण २०२४मध्ये तो १०० सामने खेळला, २०२५मध्ये ११०, आणि सीझन १६२ सामन्यांचा असतो.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. मेट्स जूनमध्ये का कोसळले? धावांचा दुष्काळ हे त्याचं कारण नव्हतं. हुआन सोटोने ४३ होमरन मारले आणि ३८ बेस चोरले, लिंडोरने ३१ आणि ३१. कोसळलं ते पिचिंग. आणि त्याची सुरुवात कुठे झाली ते मी डोळ्यांनी बघितलंय. १२ जूनची दुपार, सिटी फील्ड, समोर वॉशिंग्टन. कोडाई सेंगाचा ईआरए १.४७. जमिनीलगतचा चेंडू पहिल्या बेसकडे गेला, अलोन्सोने अडवला आणि सेंगा बेस झाकायला धावला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. अलोन्सोची फेक उंच गेली. सेंगाने उडी मारली, पाय लांबवून बेसला लावला, बाद मिळवला आणि तिथेच आडवा झाला. मांडीमागचा स्नायू गेला. आम्ही पहिल्या बेसच्या बाजूलाच बसलो होतो. चाळीसेक हजार माणसांचं स्टेडियम एका क्षणात गप्प झालं. तो सामना मेट्स जिंकले, ४५-२४ झाले आणि त्या दिवसापासून घसरले. सेंगा परतला, पण तो सेंगा परत दिसला नाही.

एका संघाचा पिचर पहिल्या बेसकडे धावला नाही म्हणून वर्ल्ड सिरीज गेली. दुसऱ्याचा धावला आणि अख्खा सीझन गेला. रविवारच्या वादात मी हे बोललो तेव्हा मेहुणाही घटकाभर गप्प बसला.

त्यातून निवडणाऱ्यासाठी निघतं ते असं: मेट्सचं भवितव्य पाच-सहा हातांवर आहे आणि त्यातले बरेच हात अजून मोठ्या परीक्षेला बसलेले नाहीत. पेराल्टा भरवशाचा. त्याच्या मागे नोलन मक्लीन, ज्याने गेल्या ऑगस्टमध्ये पदार्पण करून आठ सामन्यांत ५-१ आणि ईआरए २.०६ अशी कमाल केली. मला या मुलाचं पिचिंग फार आवडतं. त्याचा चेंडू इतका वळतो की बॅट्समन फिरवून मोकळा होतो आणि चेंडू भलत्याच गावाला गेलेला असतो. पण आठ सामने म्हणजे आठच. बुलपेनमध्ये विल्यम्सचं गेलं वर्ष जड गेलं. मिलवॉकीकडे असताना त्याचा चेंजअप, म्हणजे वेग चोरून टाकलेला चेंडू, कुणाला कळत नव्हता. तो विल्यम्स आला तर डियाझची उणीव भासणार नाही, नाही आला तर सातव्या इनिंगनंतर जीव मुठीत धरून बसावं लागेल.

स्ट्राइकचा नवा नियम कुणाला लाभेल

चाहत्यांच्या गप्पांत यावर कमी बोलतात, म्हणून मी थोडं थांबून सांगतो. या सीझनपासून स्ट्राइक की बॉल या पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येणार आहे. आपल्या डीआरएससारखंच समजा. प्रत्येक संघाला सामन्यात दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते आव्हान शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर आव्हान देऊ शकतो, तेही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. बाहेर बसलेल्यांना विचारायची सोय नाही. स्ट्राइकची चौकट प्रत्येक बॅटरच्या उंचीवरून ठरते: खालची कड उंचीच्या २७ टक्क्यांवर, वरची साडेत्रेपन्न टक्क्यांवर.

जज सहा फूट सात इंच आहे. त्याच्या गुडघ्याखालून जाणारा चेंडू बुटक्या बॅटरला स्ट्राइकच असतो, आणि वर्षानुवर्षं पंच तो जजलाही स्ट्राइक देत आलेत. आता त्याला तक्रार करायची सोय झाली. सोटोचा फायदा वेगळ्या प्रकारचा. चेंडू चौकटीत आहे की दोन बोटं बाहेर, हे ओळखण्यात त्याच्या तोडीचा माणूस आज बेसबॉलमध्ये नाही. गेल्या वर्षी त्याने १२७ वेळा फुकट बेस मिळवला. आव्हान कधी द्यायचं हे कळणारा बॅटर प्रत्येक संघाला हवा असतो, आणि न्यूयॉर्कमधल्या दोन्ही संघांकडे तो आहे. मला विचाराल तर या नियमाने जजला जरा जास्त मिळेल, कारण त्याचं आजवरचं नुकसान जास्त होतं.

गट

यँकीजचा गट कठीण आहे. टोरंटोने डिलन सीझला घेतलं, बोस्टनने रेंजर सुआरेझला, आणि बाल्टिमोरकडे आता आमचा अलोन्सो. मेट्सच्या गटात फिलाडेल्फिया गेल्या वर्षी ९६ जिंकलं आणि अटलांटा ७६वर घसरलं होतं, ते तिथे राहणार नाही. प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात. दोघांनाही जागा आहे.

माझा अंदाज: यँकीज ९२च्या आसपास, मेट्स ८८च्या आसपास. हे आकडे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मनात आहेत तेच लिहितोय.

जायला, बघायला, ऐकायला

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून गाडीने न्यूयॉर्क पेन स्टेशनला उतरलात की यँकी स्टेडियमसाठी चालत ३४व्या रस्त्याला जाऊन डी गाडी धरायची, थेट १६१व्या रस्त्यावर. सिटी फील्डसाठी पेन स्टेशनातूनच लाँग आयलंडची गाडी मिळते, मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरवते. नाहीतर ७ नंबरची सबवे. ती वेळ जास्त घेते, पण वाटेत जॅक्सन हाइट्स येतं. शनिवारी दुपारचा सामना असेल तर तिथे उतरून जेवून पुढे जाणं हा आमच्या घरचा ठरलेला रिवाज आहे. पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ) आल्यापासून सामना साधारण पावणेतीन तासांच्या आत आटोपतो, त्यामुळे सात वाजताचा सामना बघूनही परतीची गाडी मिळते.

यँकी स्टेडियमचा अनुभव मोठ्या घराण्याच्या देवघरासारखा. २७ विजेतेपदं, मैदानामागे जुन्या थोरांच्या पाट्या, पहिल्या इनिंगमध्ये राइट फील्डच्या बाकांवरून एकेका खेळाडूचं नाव पुकारणं आणि त्याने हात वर करेपर्यंत न थांबणं. रणजीत मुंबईचं जे आहे, ४२ विजेतेपदांचं ओझं आणि तोरा, तेच इथे. आणि तसाच राग लोभही. २०२४मध्ये सोटो यँकीजचा होता. यँकीज १६ वर्षांना ७६ कोटी डॉलर द्यायला तयार होते, तरी तो १५ वर्षांना ७६ कोटी ५० लाख घेऊन मेट्सकडे आला. मे २०२५मध्ये तो पहिल्यांदा परत आला तेव्हा त्याच बाकांवरच्या लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

सिटी फील्ड जास्त मोकळं. मेट्सने होमरन मारला की मैदानामागून मोठं लाल सफरचंद वर येतं. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना माझा सल्ला इथलाच. घरी बसून शिकायचं असेल तरीही मेट्स. त्यांच्या वाहिनीवर गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे तिघे समालोचन करतात, त्यातले शेवटचे दोघे १९८६च्या विजेत्या संघातले. बेसबॉल मी पुस्तकातून शिकलो नाही, या तिघांचं ऐकून शिकलो. कीथ पहिल्या बेसबद्दल बोलायला लागला की मी हातातलं काम ठेवतो.

शर्ट घेणार असाल तर जरा जपून. बिशेट दर वर्षाअखेरीस करार मोडून जाऊ शकतो, पेराल्टाचा करार याच वर्षी संपतो आणि यँकीजच्या जाझ चिझमचाही. सोटोचा २०३९पर्यंत आहे आणि तो आत्ता २७ वर्षांचा आहे. यँकीजच्या शर्टावर नाव नसतंच, नुसता आकडा. ९९ घ्या, जुना होणार नाही.

मग कुणाला काय सांगू

याच वर्षी ऑक्टोबरात आपला संघ खेळताना बघायचा असेल तर यँकीज. मेहुण्याला हे वाचून आनंद होईल. संघ सिद्ध झालेला आहे, जून उजाडल्यावर तो आणखी बळकट होणार आहे, आणि जज आहे.

पुढची दहा वर्षं एखाद्या संघाबरोबर काढायची असतील, तो घडताना, चुकताना, शिकताना बघायचा असेल, तर मेट्स. सिमियन आणि लिंडोरची जोडी कशी जमते, मक्लीन पहिल्या पूर्ण वर्षात कुठे पोचतो, बिशेट तिसऱ्या बेसवर उभा राहतो का, हे सगळं पहिल्या दिवसापासून बघणारा माणूस ऑगस्टमध्ये त्या संघाचा घरचा झालेला असतो. मेट्स शेवटचे जिंकले ते १९८६मध्ये. ज्या वर्षी ते पुन्हा जिंकतील त्या वर्षी या शहरात असण्यासाठी मी वीस वर्षं थांबलोय, अजून थांबेन.

निर्णय पुढच्या वर्षावर मात्र टाकू नका. मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय आणि टाळेबंदीची चर्चा आत्ताच सुरू आहे. १९९४च्या संपात वर्ल्ड सिरीजच झाली नव्हती. तशी वेळ न येवो.

भाच्याने परवा तिघांची तिकिटं काढली, १५ ते १७ मेच्या यँकीज-मेट्स सामन्यांपैकी शनिवारची, सिटी फील्डला. कुठल्या बाजूला बसायचं म्हणून त्याने मला विचारलं. मी पहिल्या बेसच्या बाजूला सांगितलं. मेहुणा त्याची टोपी घालून येणार, मी माझी, आणि भाचा अजून बोडकाच. मी त्याला एवढंच सांगून ठेवलंय की चेंडू जमिनीलगत पहिल्या बेसकडे गेला की चेंडूकडे बघू नकोस, पिचरकडे बघ.